घेवड्याची उजवी फेरी

सकाळचा चहा झाला, की हरिबा गुरव परसात खुर्ची टाकून बसत. शालनबाई भांडी घेऊन आत वळल्या, की ते घेवड्याच्या वेलाला हात घालत. वेलाचा कोवळा शेंडा काठीभोवती एका बाजूनं चढत असे. हरिबा तो अलगद सोडवत, उलट बाजूनं पाव फेरा देत आणि केळीच्या सोपटाच्या दोरीनं सैलसर अडकवून ठेवत. अर्ध्या तासानं पुन्हा पाव फेरा. असं दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं.

शेजारच्या खुंटीवर अंगठ्याएवढा एक कॅमेरा होता. पाय बारीक, मान वाकडी, म्हणून आडघोळच्या लोकांनी त्याचं नाव टोळ ठेवलं होतं. दर दहा मिनिटांनी टोळाचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि तो वेलाच्या शेंड्याचा वरून एक फोटो काढायचा. दिवा लुकलुकला, की हरिबा हात मागे घेत. कुणी फोटो काढत असताना मध्ये हात घालू नये, एवढी रीत त्यांना कळत होती. त्यांच्या या रीतीपायी साऱ्या गावाला डोंगर उतरावा लागणार होता, पण त्याला अजून आठ दिवस अवकाश होता.

आडघोळ हे पाटणच्या वरच्या अंगाचं एक्केचाळीस घरांचं गाव. घरं उतारावर पायऱ्यांसारखी, सगळ्यात वर भैरोबाचं देऊळ, आणि देवळाला लागून गुरवांचं घर. डोंगर कधी ना कधी खाली येणार, हे गावाला ठाऊक होतं आणि सरकारलाही. कधी येणार, एवढंच कुणाला सांगता येत नव्हतं. ते सांगण्यासाठी तालुक्याला दरड कक्ष नावाची कचेरी निघाली होती आणि त्या कचेरीनं, हसू नका, घेवडा लावायला घेतला होता.

घेवडा घेऊन आली ती समृद्धी माने. वय अठ्ठावीस, पायांत गमबूट, पाठीवर बियाण्याच्या दोन पिशव्या. एका पिशवीत वेलघेवडा, दुसरीत बुटका. प्रत्येक घराच्या परसात एक जोडवाफा करायचा, असं तिचं म्हणणं होतं.

"दोन्ही कशाला गं?" शालनबाईंनी विचारलं होतं. "वेलाचाच बरा की. तोडत राहिलं की दोन महिने येत राहतोय. बुटका मेला एकदम येतो आणि आठ-पंधरा दिवसांत संपतो."

"काकू, बुटका साक्षीला लागतो."

"साक्षीला? लग्न कुणाचं आहे?"

समृद्धी हसली नाही. तिनं सोबत एक वेल आणला होता, लाकडी पेटीत वाढवलेला. पेटीची एक बाजू स्क्रू फिरवला की केसभर सरकायची. तिनं देवळाच्या ओट्यावर पेटी ठेवली आणि लोकांना शेंड्याकडं बघायला सांगितलं. वेलघेवड्याचा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो. एका फेरीला साधारण दोन तास लागतात, आणि फिरतो तो नेहमी घड्याळाच्या काट्याच्या उलट. लोकांनी चहा पीत, तंबाखू मळत एक फेरी पाहिली. मग तिनं स्क्रू फिरवला. पुढची फेरी लांबट झाली, अंड्यासारखी. तिनं आणखी फिरवला. शेंडा तासभर थबकला आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलटा निघाला.

"वेलाची मुळं खोल जातात," ती म्हणाली. "जमीन आतून कणाकणानं सरकायला लागली, की मुळांचे तंतू ताणले जातात आणि त्याचा निरोप शेंड्याला पोचतो. आपल्याला भेग दिसते त्याच्या दोन-तीन दिवस आधी. बुटक्याची मुळं उथळ. तो चढत नाही आणि फिरतही नाही. त्याची पानं फक्त संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. पाणी तुंबलं, मावा पडला, हवा बिघडली, तर दोघांचंही बिनसतं. पण बुटका ठीक आणि वेल उलटा, तर समजायचं की जमीन हलली."

म्हणजे वेल बोलणार आणि बुटका साक्ष देणार. गावाला हे पटलं, कारण प्रत्येक घरात असा एक फिरणारा आणि एक बसलेला होताच.

शालनबाईंनी आषाढात वाफा केला. काठी आधी रोवली, कारण मागाहून रोवली तर मुळं दुखावतात. मग काठीभोवती पाच दाणे, डोळा खाली करून, बोटाच्या एका पेराएवढे खोल. बुटक्याची ओळ पुढं, उन्हाला. बी रुजलं, दुपानी झालं आणि पंधरवड्यात वेल काठीला भिडला.

इथं हरिबांचा आणि वेलाचा वाद सुरू झाला.

हरिबा भैरोबाचे थोरले गुरव. तब्बल एक्केचाळीस वर्षं त्यांनी रोज सकाळी पूजेनंतर देवळाला अकरा प्रदक्षिणा घातल्या होत्या. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून, घड्याळाचा काटा फिरतो तशी. गेल्या वर्षी गुडघे गेले. पूजा पुतण्याकडं, सोपानकडं गेली आणि हरिबा परसातल्या खुर्चीत आले. तिथून देवळाचा कळस दिसायचा. रोज कळस बघायचा आणि जागचं हलायचं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. पण बोलणार कुणाशी? शालनबाईंशी बोलावं, तर त्या म्हणत, "एक्केचाळीस वर्षं फिरलात, तेवढं पुरं आहे देवाला. तो काय मोजत बसलाय?"

अशात हा वेल समोर आला. दिवसभर काठीभोवती फिरतो, ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही. पण फिरतो काठी डाव्या हाताला ठेवून! देवाभोवती असं उलटं कुणी फिरलं असतं, तर हरिबांनी त्याला देवळातून बाहेर काढलं असतं. त्यांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेंडा सोडवला आणि सरळ केला, म्हणजे त्यांच्या मते सरळ. मनात म्हणाले, देवा, पाय माझे नाहीत, पण हात माझा आहे. ही फेरी माझी समज.

त्यांना बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणून त्यांनी ते रोज केलं.

श्रावणातल्या एका दुपारी देवळावरचा भोंगा वाजला. दरड कक्षाच्या संगणकाला गुरवांच्या परसातला वेल सलग उलटा फिरताना दिसला होता, आणि बुटका ठणठणीत होता. तीन तासांत गाव रिकामं झालं. म्हाताऱ्यांना डोलीत घालून, गुरांना हाकत लोक खालच्या गावच्या शाळेत आले. हरिबाही डोलीतूनच आले. आपल्या वेलानं गाव हलवलं, याची त्यांना शंकासुद्धा आली नाही.

तीन दिवस लख्ख ऊन पडलं. डोंगर होता तिथंच होता. सरपंच साळुंख्यांच्या मुलीला बघायला येणारे पाहुणे आडघोळपर्यंत जाऊन कुलूप बघून परतले, ते पुन्हा आलेच नाहीत. कोंबड्या मुंगसानं खाल्ल्या. चौथ्या दिवशी लोक शिव्या देत वर गेले.

समृद्धीनं कचेरीत बसून हरिबांच्या वाफ्याचे हजारभर फोटो एकेक करून पाहिले. वेल फिरत होता, त्यात काही वावगं दिसेना. शेवटी एका फोटोच्या कडेला तिला एक बोट सापडलं. त्यात चांदीची अंगठी होती. त्या दिवशी हरिबांचा हात मागे यायला जरा उशीर झाला होता.

ती परसात आली आणि तिनं टॅबलेट त्यांच्या पुढ्यात धरला.

हरिबांनी आपलं बोट ओळखलं. "प्रदक्षिणा," ते म्हणाले.

"काय?"

"तो उलटा फिरत होता, बाई. मी सरळ करत होतो."

समृद्धी बुटक्याच्या ओळीशेजारी मटकन खाली बसली. रागवावं की रडावं, हे तिला ठरवता येईना. "नाना, एकशे ऐंशी माणसं तीन दिवस शाळेच्या फरशीवर झोपली हो."

शालनबाई दारातून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाकी गाव मात्र बोललं. सरपंच अंकुश साळुंखे, ज्यांच्या मुलीचे पाहुणे परत गेले होते, ते तर भर पारावर म्हणाले, "दरड पडायची तेव्हा पडंल, आधी गुरवाची बोटं बांधा." पोरं हरिबांना पाहून हवेत बोट फिरवायची. हरिबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सोपानकडून देवाचा भंडारा मागवून घेतला, तो उचलून शपथ घेतली आणि पुन्हा वेलाच्या शेंड्याला हात लावला नाही. शेंगा तोडायच्या असल्या तरी बुडख्याकडच्याच तोडत.

कक्षानं त्यांच्या परसातला टोळ काढून नेला. शिवाय नियम बदलला. आता तीन परसांतले वेल उलटे फिरल्याशिवाय भोंगा वाजणार नव्हता. साहेब समृद्धीला म्हणाले, "आणखी एक चूक झाली, तर हा प्रकल्प गुंडाळतील आणि आपल्या दोघांनाही." त्यांचंही चुकत नव्हतं. सातारा, पुणे, सगळीकडं या फसलेल्या भोंग्याची बातमी झाली होती.

भाद्रपद आला. पाऊस बारा दिवस सुटत नव्हता. चतुर्थीला घरोघर गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं, हातानं पिकवलेलंच खायचं. तेव्हा शालनबाईंनी सकाळीच फर्मान सोडलं, "अहो, ऋषीच्या भाजीला मूठभर शेंगा द्या की तोडून. बसल्या बसल्या तेवढं तरी करा."

हरिबा अंगावर इरलं घेऊन वाफ्याशी सरकले. खालच्या शेंगा तोडता तोडता त्यांची नजर वर गेली. वेल काठीच्या टोकावरून पुढं गेला होता आणि त्याचा शेंडा हवेत, कळसाच्या दिशेला वळलेला होता. मघाशी चहाच्या वेळी तो फणसाकडं होता. फणसाकडून कळसाकडं. हरिबा थांबले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, पुन्हा केला. मग शेंगा मांडीवर ठेवून ते नुसते बघत बसले.

शेंडा कळसावरून विहिरीकडं गेला. काठी उजव्या हाताला ठेवून.

त्यांच्या डोळ्यांना पाणीच आलं. जे आपण बोटांनी करून घेतलं, ते आज तो आपण होऊन करत होता. वेल प्रदक्षिणा घालत होता! देवानं आपली चाकरी रुजू करून घेतली, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले. तो आनंद किती वेळ टिकला, हे त्यांनी नंतर समृद्धीला सांगितलं, साधारण एक पान खाऊन होईल इतका. मग त्यांची नजर खाली बुटक्याकडं गेली. बुटक्याची पानं सकाळची म्हणून छान उघडलेली, टवटवीत होती.

साक्षीदार ठीक होता. म्हणजे हलली होती ती जमीनच.

"शालन," त्यांनी हाक मारली. "बाहेर ये."

त्या पदराला हात पुसत आल्या. हरिबांनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हात लावलात?"

"भंडारा उचललाय मी."

शालनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसानं वेडेपणा पुष्कळ केला होता, पण खोटं बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी आतून फोन आणून दिला.

समृद्धी दुपारी बाराला पोचली. टोळ नव्हता, म्हणून ती स्वतःच हरिबांच्या खुर्चीशेजारी छत्री धरून बसली. काठीभोवती चार दिशांना तिनं चार खुंट्या रोवल्या आणि पावणेदोन तास जागची उठली नाही. दोन वाजायच्या आत वेलानं एक अख्खी उजवी फेरी पुरी केली. हरिबांचे दोन्ही हात तेवढा वेळ मांडीखाली होते.

ती लांब जाऊन साहेबांशी बोलली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या वाफ्याची नोंद आता धरत नाहीत. दुसऱ्या दोन परसांत फेऱ्या लांबट झाल्यात, पण मर्यादेच्या आत. तीन वेल उलटेपर्यंत थांबा म्हणाले."

"ते कधी उलटणार?"

"उद्या. परवा. नाहीतर जमीन गेल्यावर." तिनं फोन खिशात टाकला. "मी मानते, नाना. पण माझ्या मानण्यानं गाव हलणार नाही."

तरी तिनं प्रयत्न केला. ती पारावर गेली. सरपंचांनी तिला चहा दिला, बसायला घोंगडं दिलं आणि म्हणाले, "मॅडम, एकदा फसलो. आता घराघरात गणपती बसल्यात. विसर्जन झाल्याबिगर मूर्ती जागची हलवत नसत्यात. आणि हलवायची कुणाच्या सांगण्यावरून? ज्या बोटानं एकदा फसवलं त्याच्या?" लोक हसले. एकानं हवेत बोट फिरवलं.

हे सगळं तिनं परसात येऊन सांगितलं. यंत्राचं गाव ऐकणार नव्हतं, पोरीचं नव्हतं, त्यांचं तर नव्हतंच. गाव आता एकाचंच ऐकणार होतं.

"सोपानला निरोप दे," ते शालनबाईंना म्हणाले. "आणि चार गडी बोलाव. मला देवळात न्या. कौल लावायचाय."

कौल म्हणजे देवाला विचारणं. भैरोबाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी गळून पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. रोजचा लहानसहान कौल सोपान लावायचा, पण साऱ्या गावाचा मोठा कौल थोरल्या गुरवानंच लावायचा, असा शिरस्ता होता. हरिबांच्या कौलावर गावात लग्नं ठरली होती, भाऊ एकत्र राहिले होते. एकदा त्यांच्या स्वतःच्या वावराच्या बांधाचा कौल त्यांच्या विरोधात गेला. आत ते एकटेच होते, तरी बाहेर येऊन त्यांनी डावा कौल सांगितला होता आणि बांध दोन हात सोडला होता. त्यामुळं फोटोतल्या बोटाला हसणारं गाव कौलाला मात्र हसत नसे.

चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गाभाऱ्यात ठेवलं. बाहेर मंडपात सगळं गाव जमलं, सरपंच पुढं. समृद्धी खांबाशी उभी राहिली. शालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत समईचा उजेड तेवढा.

हरिबांनी तगरीच्या दोन पाकळ्या भिजवल्या, दोन खांद्यांवर लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, "देवा, गावाला घेऊन खाली जायचं म्हणतोय. जाऊ का? जायचं असंल तर उजवा दे."

मंडपात कुणी खोकलं नाही. पागोळ्यांचा आवाज येत होता. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग एक पाकळी हलली, घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

डावी.

हरिबा तिच्याकडं बघत राहिले. त्यांना भीती वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी. देव नको म्हणत होता. वेल चला म्हणत होता. एक्केचाळीस वर्षं त्यांनी या गाभाऱ्यातून बाहेर खरंच नेलं होतं, आणि त्या खऱ्याच्या जोरावरच आज गाव बाहेर श्वास रोखून उभं होतं. त्यांनी वाकून ती पाकळी उचलली, मुठीत बंद केली आणि दुसऱ्या हातानं उजव्या खांद्यावरची पाकळी हळूच खाली ओढली.

"उजवा!" ते ओरडले. "उजवा कौल! देव म्हणतोय मला खाली न्या. आजच न्या. पालखी काढा, गणपती पालखीसंगं घ्या. मागं कुणी राहू नका!"

मंडपात एकच गलका उठला. सरपंच स्वतः पालखी काढायला धावले. ज्या लोकांना भोंग्यानं तीन तास लागले होते, ते दीड तासात निघाले. पुढं पालखी, तिच्यामागं डोक्यावर पाटासकट गणपती घेतलेले बाप्ये, मग बाया, मग गुरं. समृद्धी शेवटी होती, प्रत्येक घरात डोकावून येत. खालच्या शाळेत पोचेस्तोवर दिवेलागण झाली.

रात्र गेली, सकाळ गेली. लोक गणपतीच्या आरत्या म्हणत होते. हरिबा एका कोपऱ्यात भिंतीला टेकून होते, कालपासून त्यांनी घास घेतला नव्हता. दरड पडली नाही तर ते देवाच्या नावावर खोटं बोललेले गुरव ठरणार होते. पडली तर देव खोटा. यातलं काय बरं, हे त्यांना सांगता येईना.

शालनबाई भाकरी आणि घेवड्याची भाजी घेऊन आल्या. येताना त्या परसातल्या शेंगा पिशवीत भरून घेऊन आल्या होत्या.

"खा."

"जात न्हाई."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुठली पाकळी पडली ते मी पाहिलंय. उंबऱ्यावरच होते की मी."

हरिबांनी मान वर केली. "मग?"

"मग काय? भाकरी खा."

पावणेचारला आवाज आला. आधी वाटलं ढग, पण तो थांबेना. लोक पटांगणात धावले. वरच्या अंगाला धुक्यातून लाल मातीचा एक रुंद पट्टा खाली सरकत होता, झाडं त्यात उभीच्या उभी चालत होती. तो निम्म्या गावापर्यंत आला आणि थांबला. अकरा घरं गेली, देवळाचा मंडप गेला, गुरवांचं परस काठीसकट गेलं. सुटून मागं राहिलेल्या दोन म्हशी गेल्या. माणूस एकही नाही.

सरपंच आले आणि त्यांनी हरिबांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्यामागं रांगच लागली. "भैरोबा धावला," लोक म्हणत होते. हरिबा पाय आखडून घ्यायला बघत होते, पण गुडघे वळत नव्हते.

दोन महिन्यांनी सरकारनं खालच्या माळावर पत्र्याची घरं दिली. समृद्धी बियाण्याच्या त्याच दोन पिशव्या घेऊन आली. उरलेल्या डोंगरावर तर लक्ष ठेवायला हवंच होतं, पण माळाच्या कडेलाही उतार होता. या वेळी कुणी कुरकुर केली नाही. लोकांनी हौसेनं जोडवाफे केले. कार्तिकातल्या थंडीत वेल जरा रेंगाळत होता, पण चढत होता. टोळांना कुंकू लावलेलं होतं.

हरिबांच्या नव्या परसात ती एक छापील कागद घेऊन बसली. कक्षाचा अहवाल होता. त्यात एक रकाना होता, इशारा कशामुळं मिळाला. पुढं तीन चौकोन, यंत्र, माणूस, इतर.

"इथं काय लिहू, नाना? साहेब म्हणतात, यंत्रावर खूण कर, प्रकल्प वाचेल. गाव म्हणतं, कौल लिहा."

हरिबांनी तिला खरं सांगितलं. डाव्या पाकळीचं, मुठीचं, सगळं. समृद्धीचं पेन थांबलं. पिंडीला अर्धी सोडून पुरी प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाकडं बघावं तसं ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"काल सरपंच भेटले," ती म्हणाली. "म्हणाले, मॅडम, आता बिनघोर राहा. पुढच्या खेपेला भोंगा वाजला, की आम्ही आधी कौल लावू आणि उजवा पडला की लगेच निघू."

"हं."

"पण तेव्हा डावा पडला तर?"

हरिबांनी समोरच्या काठीकडं पाहिलं. वेलाचा शेंडा आपल्या नेहमीच्या वाटेनं, काठी डाव्या हाताला ठेवून, सावकाश चालला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"मी आता किती दिवसांचा, बाई?" ते म्हणाले. "माझ्यामागं कौल सोपान लावणार. आणि सोपान फार सरळ पोरगा आहे. पाकळी जशी पडंल, तसंच तो बाहेर येऊन सांगणार. मग काय करशील?"